नऊ जणांचं मस्टर

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखानदारांच्या संघटनेने गेल्या महिन्यात मला भाषणाला बोलावलं. विषय होता, लहान उद्योजकांसाठी कामगार कायद्याची तोंडओळख. फोन करणारे गृहस्थ म्हणाले, "तुमचं सगळं कसं कागदोपत्री चोख असतं, तुम्हीच बोला." मी हो म्हणालो. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि खरं कारण सांगायची माझी छाती नाही.

हॉल बऱ्यापैकी भरला होता. बहुतेक जण तिशीच्या आतबाहेरचे, एखाद-दोन मशीन टाकून नुकतेच धंद्यात पडलेले. मी त्यांना सांगितलं, माणूस कामावर घेतला की नेमणूकपत्र द्या. माणूस एकच असला तरी हजेरीचं मस्टर ठेवा. पगाराची पावती द्या. दहा माणसं झाली की ईएसआय, म्हणजे कामगारांचा विमा लागतो, वीस झाली की पीएफ. जादा तासांचे दुप्पट पैसे. आणि कामावर अपघात झाला तर जबाबदारी मालकाची, मग त्या माणसाचं नाव मस्टरवर असो वा नसो. हे शेवटचं सांगून झालं. मी थांबून पाणी प्यायलो. लोकांना वाटलं, वक्ते दमले.

प्रश्नोत्तरांच्या वेळी मागून एकाने विचारलं, "सर, दहावा माणूस घरचा म्हणून दाखवला तर चालतो का?" हॉलमध्ये हशा पिकला. मीही हसलो. हसत हसत म्हणालो, "चालत नाही." मग टाळ्या झाल्या, मला शाल आणि नारळ मिळाला. दोन्ही अजून गाडीच्या डिकीतच आहेत.

एवढा कायदा मला कुठून येतो, हे मात्र कोणी विचारलं नाही. मला तो कॉलेजात शिकवलेला नाही. एका माणसाने शिकवला, आणि त्यासाठी त्याची तीन बोटं गेली.

आमची शेड वडिलांनी टाकली. दोन लेथ, एक ड्रिल, एक पॉवर प्रेस. इलेक्ट्रिकच्या कंपन्यांना लागणाऱ्या पत्र्याच्या क्लिपा आणि पितळी पिना आम्ही करून द्यायचो, अजूनही देतो. शेडमध्ये माणसं दहा होती. मस्टरवर नावं नऊ होती. झाडू मारायला येणाऱ्या मावशी तर दोन्हीकडे मोजल्या जात नव्हत्या. हा काही आमचा शोध नव्हता. आमच्या गल्लीतल्या बऱ्याच शेडमध्ये मस्टर नऊचंच असायचं. कोणाची भरभराट झाली, दुसरी शेड घेतली, बंगला झाला, तरी माणसं नऊच. दहावं नाव चढलं की मागे कायदे लागतात, म्हणून सगळे नवावर येऊन थांबत.

बाकीचे कारखानदार सगळ्यात नव्या माणसाचं नाव गाळायचे. माझ्या वडिलांनी सगळ्यात जुन्या माणसाचं गाळलं. त्यांचं म्हणणं असं, की नवा माणूस उद्या भांडेल आणि लेबर ऑफिसच्या पायऱ्या चढेल. जुना जाणार नाही. "तो घरचा माणूस आहे," वडील म्हणायचे, आणि हे ते कौतुकाने म्हणायचे. ज्याच्यावर सर्वांत जास्त भरवसा, त्यालाच कागदावरून उडवायचं, हे गणित मला तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं. मी डिप्लोमा करून नुकताच शेडमध्ये आलो होतो. वडिलांचं सगळंच मला शहाणपणाचं वाटायचं.

तो जुना माणूस म्हणजे आमचे टर्नर, लेथवर काम करणारे. मी त्यांना काका म्हणायचो. दिंडोरीच्या पुढचं गाव त्यांचं, राहायला सिडकोत दोन खोल्यांत. मी पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आलो, तेव्हा त्यांनी मला लेथला हातसुद्धा लावू दिला नाही. पंधरा दिवस ग्राइंडरवर नुसती टूलला धार लावायला बसवलं. मी वैतागलो तेव्हा म्हणाले, "छोटे शेठ, माप आधी हाताला कळू द्या. व्हर्नियर काय, मागाहून लावू." पितळेची पिन ते अंगठा आणि तर्जनीत धरून नुसती फिरवायचे आणि सांगायचे, केसभर जास्त आहे. मग मी व्हर्नियर लावायचो. केसभर जास्त असायची. मला आज जे काही काम येतं ते या माणसाच्या त्या दोन बोटांतून आलेलं आहे.

इन्स्पेक्टर येणार असला की आमच्या लेबर कन्सल्टंटचा सकाळी फोन यायचा. त्याला कुठून कळायचं हे आम्ही विचारत नसू. फोन आला की वडील काकांकडे फक्त बघायचे. काका लेथ बंद करायचे, निळा ऍप्रन काढून मागच्या खिळ्याला उलटा टांगायचे, आणि डब्यांच्या फळीवरून आपला डबा उचलायचे. डबा न्यायची युक्ती त्यांचीच. नऊ माणसं आणि दहा डबे, असं कोणाच्या डोळ्यावर यायला नको. मग डबा हातात घेऊन ते गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायचे. तास, दोन तास. इन्स्पेक्टरची गाडी गेली की परत येऊन ऍप्रन चढवायचे आणि राहिलेला कट पुरा करायचे. एकदा एका इन्स्पेक्टरने लेथच्या चकवर, म्हणजे पितळ पकडून फिरवणाऱ्या भागावर हात ठेवला आणि ते गरम लागलं. "हे कोण चालवतं?" त्याने विचारलं. वडील म्हणाले, "मीच." वडिलांनी कित्येक वर्षांत लेथला हात लावलेला नव्हता. त्या संध्याकाळी हा किस्सा सांगून आम्ही सगळे पोट धरून हसलो, काकाही हसले.

वडील गेले आणि मी छोटे शेठचा शेठ झालो. मला सगळं सुधारायचं होतं. कॉम्प्युटर घेतला, गेटवर कॅमेरा लावला, नवं लेटरहेड छापलं. मस्टर मात्र नऊचंच ठेवलं. काकांना एकदा मी विचारलंही होतं, "काका, तुमचं नाव घालू का आता?" प्रश्न असा विचारला की उत्तर नाहीच यावं. ते म्हणाले, "कशाला शेठ, तुमाला तरास. मी काय परका हाय का?" माझा जीव भांड्यात पडला. माणसाने स्वतःच नको म्हटलं, आता आपल्यावर काही नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं. कायद्यात हे बसत नाही, हे मी आज त्या हॉलमधल्या लोकांना ठासून सांगतो. कामगाराने नको म्हटलं म्हणून मालक सुटत नाही.

आणि हे घरचं माणूस असणं तरी काय होतं? आमच्या घरची पाण्याची मोटर बिघडली की काका रविवारी येऊन दुरुस्त करायचे. ते दाराबाहेरच्या ओट्यापर्यंत यायचे. आत येऊ नका असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं, आणि या असंही कोणी म्हटलं नव्हतं. चहा ओट्यावर जायचा. तो कोणत्या कपातून जायचा हे मला आठवत नाही, असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. मला चांगलं आठवतं.

चैत्रात आमचा प्रेसवाला वणीच्या गडावर गेला होता. दुपारी तीनला कंपनीची गाडी माल घ्यायला येणार होती आणि क्लिपा निम्म्यासुद्धा झालेल्या नव्हत्या. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच वरचा भाग खाली येतो, म्हणजे त्या क्षणी हात आत असूच शकत नाहीत. हे यंत्र बनवणाऱ्याचं शहाणपण. आमचं शहाणपण असं, की आम्ही एका बटणावर चिकटपट्टी लावून ते कायमचं दाबून ठेवलं होतं. मग एका हाताने पत्रा सरकवायचा, दुसऱ्याने बटण मारायचं. काम जवळजवळ दीडपट होतं. ती चिकटपट्टी मी माझ्या हाताने लावली होती. सैल झाली की मीच बदलायचो.

मी काकांना म्हणालो, "काका, आजच्या दिवस प्रेसवर बसा." ते टर्नर. प्रेसवर बसणं त्यांना कमीपणाचं होतं आणि सवयीचंही नव्हतं. पण ते बसले. सव्वादोनच्या सुमारास प्रेसचा आवाज थांबला. ओरडणं वगैरे काही ऐकू आलं नाही. मी बाहेर आलो तर ते उजवा हात डाव्या हातात धरून उभे होते आणि ऍप्रन भिजत चालला होता. उजव्या हाताची अंगठ्याजवळची तीन बोटं गेली होती.

गाडीत मी त्यांना मागे झोपवलं. हॉर्न दाबतच मी गाडी पळवली. मला वाटतं ती घाई त्यांच्यासाठी होती, निदान त्रिमूर्ती चौकापर्यंत तरी. तिथे सिग्नलला थांबलो आणि मला मस्टर आठवलं. मी मागे न वळता म्हणालो, "काका, हॉस्पिटलमध्ये विचारतील, कुठे झालं म्हणून."

मी एवढंच बोललो. खोटं बोला असं म्हणालो नाही, काय सांगा तेही म्हणालो नाही. याचा आधार घेऊन पुढे मी कितीतरी दिवस स्वतःला माफ करून घेतलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा काका शुद्धीवर होते. ते म्हणाले, "गावाला. कडबा कुट्टीवर." डॉक्टरांनी त्यांच्या ऍप्रनकडे पाहिलं. नखांत ऑइल होतं, बाहीला पत्र्याचा चुरा चिकटलेला होता. मग डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पैसे भरायच्या खिडकीकडे वळलो. डॉक्टरांनी लिहिलं, घरगुती अपघात, चारा कापण्याचे यंत्र. नंतर हवालदार आला, त्यालाही काकांनी तेच सांगितलं, गावाचं नाव, गोठा, सगळं जुळवून. जबाबावर सही करायला त्यांचा हात नव्हता. जन्मभर सही करत आलेल्या माणसाने डाव्या अंगठ्याचा ठसा उमटवला.

हॉस्पिटलचा खर्च मी केला. तो खर्च माझ्यावर कायद्याने बसत होताच, त्याच्या कितीतरी पट बसत होता, पण मी तो उपकार म्हणून केला आणि उपकार म्हणूनच चारचौघांत सांगितला. लोक म्हणाले, असा मालक मिळत नाही.

शरणपूर रोडला आमच्या कन्सल्टंटचं ऑफिस आहे. मी त्याला सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "तुमचा कामगार? कोण कामगार? मस्टर दाखवा."

मी म्हणालो, "अहो, बावीस वर्षं होते ते आमच्याकडे."

"हे वाक्य पुन्हा कोणासमोर बोलू नका," तो म्हणाला. "नुकसानभरपाईचा दावा करायला त्यांना दोन वर्षं आहेत. त्यानंतर तो टिकवणं त्यांना जड जाईल. तोपर्यंत त्यांच्या नावाचा एकही कागद तुमच्याकडून बाहेर जाता कामा नये. दिवाळीचं पाकीटसुद्धा नाही. आणि ते शेडमध्ये दिसता कामा नयेत."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट, वैद्याने औषध दिल्यावर वाटतं तसं बरं वाटलं. मी मोबाइल काढला आणि दोन वर्षांनंतरची तारीख टाकून त्यात गजर लावला.

जखम भरल्यावर काका आले. ऍप्रन घालायला निघाले होते. मी म्हणालो, "काका, आता आराम करा. मी आहे ना." ते काय समजायचं ते समजले. खिळ्यावरचा ऍप्रन त्यांनी घडी करून पिशवीत टाकला आणि फळीवरचा डबा उचलला. त्यांच्या जागी मी नवा टर्नर घेतला. आता मला भीती बसली होती, म्हणून त्याचं नाव मस्टरवर घातलं, दहावं. महिन्याभरात सगळ्यांना ईएसआय लागू झाला, सगळ्यांची कार्डं आली. नेमणूकपत्रं दिली, प्रेसची चिकटपट्टी काढली, हात आत जाऊ नये म्हणून जाळीचा गार्ड बसवला. माझ्या चोख कागदपत्रांची ख्याती सुरू झाली ती तेव्हापासून. काकांची बोटं गेली म्हणून शेडमधल्या प्रत्येकाला विमा मिळाला, एका काकांना सोडून.

दीड वर्ष झालं असेल. काका एक दिवस ऑफिसात आले. खुर्चीवर बसा म्हटलं तरी उभे राहिले. चेहरा उजळलेला होता. मी तसा तो अपघातानंतर पाहिला नव्हता.

"शेठ, ओझरच्या अंगाला एक खासगी आयटीआय हाय. त्यांना पोरांना लेथ शिकवायला माणूस पायजे. मी जाऊन आलो. ते म्हणले, आमाला बोटं नाय बघायची, डोकं बघायचंय."

"वा! मग?"

"फक्त लेटर पायजे म्हणले. किती वर्सं काम केलं, कुठं केलं. येवढंच. बाकी काय नाय."

कोणत्याही मालकाने अर्ध्या मिनिटात टाइप करून द्यावं असं पत्र. माणसाने काम केलं, त्याला त्या कामाचा दाखला द्यायचा, यात उपकारही नाही. मी म्हणालो, "देतो ना काका. लेटरहेड संपलंय, छापून आलं की लगेच देतो." लेटरहेडचा गठ्ठा माझ्या उजव्या हाताच्या खणात होता. मी तो खण गुडघ्याने हळूच आत ढकलला.

कन्सल्टंटला फोन केला तर तो हसलाच. "तेच पत्र घेऊन ते उद्या कोर्टात उभे राहतील. बावीस वर्षं काम केलं असं तुम्हीच लिहून देताय. भावनेच्या भरात काही लिहू नका. सहा महिने कळ काढा."

मी कळ काढली. काढली म्हणजे त्यांना काढायला लावली. त्यांचे फोन आले, मी दोन उचलले, पुढचे उचलले नाहीत. आयटीआयवाले थांबायला तयार होते, असं एका फोनवर ते म्हणाले होते. "दिवाळीपतुर थांबतो म्हणले. तोवर होईल ना?" मी म्हणालो, "होईल की."

दिवाळीच्या आधी एके सकाळी मी खिडकीतून पाहिलं तर काका गेटसमोरच्या टपरीवर बसले होते. त्याच बाकावर, तसेच, गुडघ्यावर पिशवी ठेवून. इन्स्पेक्टर आत असताना बसायचे तसे. मी बाहेर येईन आणि बोलावीन म्हणून वाट बघत होते. आत न बोलावता यायचं नाही, ही शिस्त आम्हीच त्यांना लावली होती. मी तासभर खिडकीच्या आडून पाहत बसलो. मग मागच्या गेटने निघून गेलो. नवा टर्नर मला नंतर म्हणाला, ते म्हातारे दोन वाजेपर्यंत बसले होते. दिवाळी झाली आणि आयटीआयने दुसरा माणूस घेतला. हे मला टपरीवाल्याकडून कळलं. वाईट वाटलं. पण सुटल्यासारखंही वाटलं, आणि ते आधी वाटलं.

पुन्हा चैत्र आला. मोबाइलमधला गजर वाजला. त्या दिवशीही मी थांबलो. न जाणो, मुदतीत आजचा दिवसही धरत असतील, असा विचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी लेटरहेड काढलं आणि पत्र लिहायला बसलो. खूप मन लावून लिहिलं. दोनदा खोडलं, पुन्हा टाइप केलं. अत्यंत कुशल, प्रामाणिक, मितभाषी, असं सगळं आलं त्यात. बावीस वर्षे आमच्या कारखान्यात टर्नर म्हणून होते, हेही लिहिलं. आणि शेवटी, ते आम्हा सर्वांना घरच्यासारखेच होते. हे वाक्य लिहिताना माझे डोळे भरून आले होते, हे मी इथे कबूल करतो, कारण त्यावरून माझी किंमत कळते. शिक्का मारला, सही केली, द्राक्षांची पेटी घेतली आणि सिडकोत त्यांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

दार काकूंनी उघडलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि शेजारी संविधानाची प्रास्ताविका चौकटीत लावलेली. समोरच्या भिंतीचा एक भाग काळ्या रंगाने रंगवून त्याचा फळा केला होता. त्यावर खडूने लेथचं चित्र काढलेलं होतं, चक, टूलपोस्ट, टेलस्टॉक, प्रत्येकाला बाण आणि नाव. अक्षर वाकडंतिकडं, चौथीतल्या मुलाचं असावं तसं. शिकवायचं तर फळ्यावर लिहावं लागणार, म्हणून काका डाव्या हाताने लिहायची सवय करत होते. जागा गेली तरी फळा पुसलेला नव्हता.

मी पत्र काढून काकांच्या हातात दिलं. "उशीर झाला काका," मी म्हणालो. "कामाच्या गडबडीत राहून गेलं."

काकू बोलल्या.

"काल दोन वर्सं झाली, शेठ."

मी द्राक्षांची पेटी खाली ठेवली.

"आमाला म्हाइत हाय तारीख. आमच्या लेकीनं वकिलाकडं नेलं व्हतं यांना. वकिलानं कागदावर लिहून दिली तारीख. म्हणला, मस्टरवर नाव नसलं तरी दावा चालतो, टपरीवाला साक्ष देईल, शेजारच्या शेडवाले देतील. मी रोज म्हणायचे, करा दावा. हे म्हणायचे, नको. शेठ येतील. मुदत सरायच्या आत येतील, आपल्याला मागायची येळ नाय आणणार." मग त्या द्राक्षांच्या पेटीकडे बघत म्हणाल्या, "काल रातचे अकरा वाजेपतुर दार लोटलं नाय यांनी."

"ऱ्हाऊ दे आता," काका म्हणाले.

त्यांनी चष्मा लावला आणि पत्र वाचायला घेतलं. डाव्या हातात धरून, उजव्या हाताच्या राहिलेल्या करंगळीने ओळीखाली खूण करत, सावकाश. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. त्यांनी शिवी दिली असती तर मी ती आनंदाने घेतली असती. वाचून झाल्यावर त्यांनी पत्र माझ्यापुढे धरलं.

"चांगलं लिव्हलंय. येक बदल करता का?"

"सांगा ना काका."

"हे घरच्यासारखे व्हते लिव्हलंय. तेवढं काढा. कामगार व्हते, असं लिवा."

मी मान हलवली.

"आन् रुजू झाल्याची तारीख घाला. ती म्हाइत हाय मला." त्यांनी तारीख सांगितली, वार सांगितला, आणि त्या दिवशी माझ्या वडिलांनी त्यांना कोणतं काम दिलं होतं तेही सांगितलं. मी खिशातल्या पावतीच्या मागे ते लिहून घेतलं. उठताना न राहवून मी विचारलं, "आता कुठे लागणार आहे का हे पत्र? दुसरीकडे कुठे बोलणं चाललंय?"

"कुटंच नाय," काका म्हणाले. "माझ्यापाशी असू द्या."

पत्र मी दुसऱ्या दिवशी नवं केलं आणि पुन्हा गेलो. या वेळी दारातच काम झालं, आत या कोणी म्हटलं नाही. दोन प्रती नेल्या होत्या, एक त्यांना आणि एक पोच म्हणून. ही माझी आताची सवय. काकांनी पत्र वाचलं, "कामगार" या शब्दावर थांबले, मग दुसरी प्रत दाराच्या चौकटीला टेकवून डाव्या हाताने तिच्यावर "मिळाले" असं लिहिलं आणि खाली पूर्ण नावाने सही केली. सही चांगली आली होती. फळ्यावर त्यांनी तिचाही सराव केलेला असणार.

बावीस वर्षांत आमच्या दप्तरात त्यांच्या सहीचा तेवढा एक कागद आहे. त्याची मी वेगळी फाईल केली आहे. संघटनेच्या भाषणाला मी सगळ्या फायली नेल्या होत्या आणि चोख कागद कसे असतात ते लोकांना दिसावं म्हणून टेबलावर मांडल्या होत्या. ती एक फाईल तेवढी डिकीतच ठेवली. नारळ तिच्यावरच पडलेला आहे.